एव्हलिन हार्कची चुकलेली गुंडी

या, पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसणाऱ्याला गोष्ट अर्धीच ऐकू येते, आणि अर्ध्या ऐकलेल्या गोष्टीवरून जन्माची भांडणं लागतात. सतरंजी मोठी आहे. आजींना जरा कडेने जागा द्या. आज एका गुंडीची गोष्ट सांगायची आहे. कोटाची साधी गुंडी, तिच्यापायी दोन म्हातारे एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. हे घडायचं आहे अजून वीसेक वर्षांनी, आपल्या नगरातच. पण देवापुढे काल काय आणि उद्या काय! घडून गेल्यासारखीच ऐका.

तारकपूरच्या बाजूला शांतवन कसोटे नावाचे गृहस्थ राहत. पंच्याहत्तरीला आलेले, अंगाने किडकिडीत, आवाज मात्र विहिरीतून यावा तसा खोल. नोकरी टपाल खात्यात झाली, पण ती पोटासाठी. खरं आयुष्य गेलं याकोब उमापांच्या कीर्तनात, पेटीवर. आमच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तनाची चाल जुनी आहे. शास्त्रातला दाखला घ्यायचा, ओवी-अभंगात गुंफायचा, आणि मंडळींना हसवत-रडवत देवाच्या दारापर्यंत आणून सोडायचं. याकोबबुवा पुढे उभे राहत, मंडळींकडे तोंड करून. शांतवनभाऊ मागे बसत. बुवांनी चरण म्हणून श्वास घेतला की यांनी ध्रुपद उचलायचं.

"ध्रुपद धरणाऱ्याला बुवांचं तोंड दिसत नाही," ते म्हणत. "त्याने पाठ वाचायची. खांदा चढला की बुवा वर जाणार. मान कलली की रडवणार. आणि पाठ दगडासारखी झाली की गप्प राहायचं, कितीही वेळ."

अशी याकोबबुवांची पाठ ते तरुणपणापासून वाचत आले होते. संडासला जायची घाईसुद्धा पाठीवरून ओळखतो म्हणत.

या दोघांना कीर्तनासारखंच आणखी एक वेड होतं: जुन्या हॉलिवूडचे काळे-पांढरे चित्रपट. ते लागलं कापड बाजाराजवळच्या एका थिएटरात, जिथे पुढे मोटारी लावायचा तळ झाला. तिथे रविवारी सकाळी जुने इंग्रजी चित्रपट लागत, आणि नेमकी त्याच वेळी चर्चमध्ये शब्बाथशाळा. याकोब पाळकसाहेबांचा मुलगा, त्याची जागा पहिल्या बाकावर ठरलेली. एका रविवारी तो शांतवनबरोबर थिएटरात जाऊन बसला. चर्चमधला पहिला बाक रिकामा राहिला, आणि संध्याकाळी पाळकसाहेबांच्या वेताने त्याचा हिशोब चुकता केला. पण जे बघायचं ते बघून झालं होतं.

तेव्हापासून दोघांची वाटणी ठरली. याकोबकडे नायक, शांतवनकडे नायिका. टोपीची कड बोटाने किती खाली ओढायची, पाऊस पडत असताना कॉलर कशी उभी करायची, हे याकोब आरशापुढे उभं राहून शिकला. आणि शांतवन? त्यांना त्या बायका आवडत, पण नुसत्या रूपासाठी नव्हे. जिना उतरताना पायऱ्यांकडे न बघणाऱ्या, टेलिफोन खाली ठेवल्यावर हात जरा वेळ त्यावरच विसरणाऱ्या, दुसऱ्याचं बोलणं ऐकत असताना ज्यांच्या मानेची शीर हलते अशा. "नायक म्हणजे बुवा," ते म्हणत. "आणि नायिका म्हणजे मागची साथ. तिने ध्रुपद धरलं नाही, तर नायक नुसता बडबडतो."

त्यांची सगळ्यांत लाडकी होती एव्हलिन हार्क. फार मोठी नटी नव्हती. मोजक्या चित्रपटांत आली आणि गेली. त्या दांडीच्या रविवारी त्यांनी तिलाच पाहिलं, 'द लँप अ‍ॅट कॅस्टर बे' नावाच्या चित्रपटात. नायक डॅल्टन क्रेव्ह, देखणा, भरदार आवाजाचा. शेवटी धक्क्यावर धुकं आहे, बोट सुटायला आली आहे. डॅल्टन तिला सांगतो, मी परत येईन. दोघांनाही ठाऊक आहे की तो येणार नाही. लांबलचक भाषण आहे त्याचं. एव्हलिनला एकही वाक्य नाही. ती त्याच्या कोटाच्या गुंड्या लावत उभी आहे, त्याच्या तोंडाकडे बघत. बघता बघता एक गुंडी भलत्याच काजात जाते. ते बोटांना कळतं, डोळ्यांना कळत नाही. बोटं ती गुंडी काढतात, दुसऱ्या काजात घालतात. नजर तसूभर हलत नाही.

बस्, एवढंच. पण शांतवनभाऊ म्हणत, "ते ठरवून केलेलं नाही. तिचे हात खरोखर चुकले. दिग्दर्शक शहाणा होता, म्हणून कातरलं नाही."

आता यंत्राकडे येऊ.

ज्या काळाची ही गोष्ट, त्या काळात चित्रपट ठेवण्याची तऱ्हाच बदलली होती. घरोघरी भिंतीवर एक पातळ पडदा, आणि त्यावर 'चित्रबीज' नावाच्या कंपनीचे चित्रपट. जगातले बहुतेक जुने चित्रपट त्या कंपनीने विकत घेतले होते. मूळ फिती तळघरांत आंबून गेल्या होत्या, चकत्यांवरचा मुलामा सुटला होता, आणि त्या चकत्या वाजवणारी यंत्रं भंगारात गेली होती. कुणाला काही वाटलं नाही. चित्रबीजवर सगळं होतं की!

पण एका दुपारी जेवण झाल्यावर शांतवनभाऊंनी 'कॅस्टर बे' लावला. धुकं आलं, धक्का आला. डॅल्टन बोलू लागला. आणि एव्हलिन दोन्ही हात खाली सोडून उभी.

त्यांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. हात खालीच. आणखी एकदा.

"सालोमी! अगं सालोमी, इकडे ये! हिचे हात गेले!"

सालोमी त्यांची सून. संगणकाच्या कामातली, मोठ्या मनाची, पण सासऱ्यांच्या हाकेला घाबरणारी. ती ओल्या हातांनीच धावत आली.

"कुणाचे हात गेले, पप्पा?"

"एव्हलिनचे. बघ, नुसती उभी आहे. रेशनच्या रांगेत असल्यासारखी!"

सालोमीने बघितलं, हात पुसले आणि त्यांच्याजवळ बसली. "पप्पा, पूर्वी चित्रपट म्हणजे काय होतं? एकामागून एक लावलेली लाखो चित्रं. ती साठवायची म्हणजे केवढी जागा, केवढी वीज. आणि ती यंत्रं थंड ठेवायला धरणंच्या धरणं पाणी. म्हणून आता चित्रं ठेवत नाहीत. त्यांचं बीज ठेवतात."

"बीज म्हणजे?"

"डॅल्टनचा चेहरा कसा, चाल कशी, आवाज कसा, प्रसंग कोणता, एवढं यंत्राला शिकवून ठेवलंय. तुम्ही लावलात की यंत्र बसल्या जागी चित्रपट नव्याने रंगवतं. झाड कापून कपाटात ठेवायचं नाही, बी पेरायचं आणि हवं तेव्हा झाड उगवायचं."

"मग झाड दरवेळी वेगळं उगवेल की."

"थोडंसं. आणि एक आहे." तिने पडद्याच्या वरच्या कडेला असलेल्या काळ्या टिकलीकडे बोट केलं. "तो डोळा बघत असतो तुम्ही कुठे बघताय ते. जिथे नजर जाते तिथे यंत्र बारीक काम करतं, बाकीचं मोघम. जगभर कोट्यवधी लोक बघतात. त्या सगळ्यांच्या नजरा गोळा करून बीज दरवर्षी सुधारतात. जिथे कुणीच बघत नाही, ते हळूहळू बीजातून गळतं. त्या प्रसंगात सगळे डॅल्टनच्या तोंडाकडे बघत असणार."

शांतवनभाऊंनी मान वर करून त्या काळ्या टिकलीकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे मंडळी बुवांकडे बघतात, म्हणून मागची पेटी काढून टाकली."

"तसंच."

"आणि बुवाचं गाणं भिकार झालं हे कुणाच्या लक्षात आलं नाही?" त्यांनी पडद्याकडे हात केला. "बघ की. डॅल्टन आता नुसता बडबडतोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्रबीजच्या मदतकेंद्राला फोन लावला. मदतीला माणूस नव्हता, मधात घोळलेला एक आवाज होता.

"नमस्कार शांतवनजी! आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे."

"सलाम. 'कॅस्टर बे'च्या शेवटी गुंडी होती, ती गेली आहे."

"आपल्या भावना समजल्या."

"भावना नाही हो, गुंडी!"

"आमच्या नोंदीनुसार या प्रसंगात अशी क्रिया नाही."

"तुमची नोंद परवाची. मी ती बघितली तेव्हा तुम्ही कुणाच्या स्वप्नातही नव्हता."

"आपल्या भावना समजल्या. कृपया त्या क्रियेचं शक्य तेवढं सविस्तर वर्णन करा."

आणि इथे, मंडळी, भाऊंच्या हातून चूक झाली. जन्मभर दुसऱ्याच्या मागे बसलेल्या माणसाला कुणीतरी म्हणालं होतं, बोला, आम्ही ऐकतो. भाऊ बोलले. धुकं सांगितलं, नजर सांगितली, बोटं सांगितली. गुंडी कशी चुकते, बोटं कशी थबकतात. तिच्या ओठांवर हसू येतं-येतं आणि राहतं. कीर्तनात मागे बसून जे कधी बोलता आलं नाही ते सगळं त्यांनी त्या मधाळ आवाजापुढे ओतलं. शेवटी म्हणाले, "आणि ते बघून काळीज हलतं. बघा, जमलं तर."

"धन्यवाद शांतवनजी. आपली तक्रार आम्ही लवकरच मार्गी लावू."

लागली मार्गी. दोन दिवसांत पडद्यावर निरोप आला. भाऊंनी चित्रपट लावला.

गुंडी होती. एव्हलिनचे हात वर आले होते. गुंडी भलत्या काजात गेली, निघाली, पुन्हा चुकली, पुन्हा निघाली. ओठांवर हसू आलं. डोळ्यांत पाणी आलं. धुकं बाजूला झालं, तिच्या बोटांवर उजेड पडला आणि मागे व्हायोलिनं रडू लागली. त्यांनी सांगितलेलं सगळं त्यात होतं. एक शब्दही वाया गेला नव्हता. वाणसामानाच्या दुकानात यादी द्यावी आणि दुकानदाराने पिशवी भरून हातात ठेवावी, तसं.

ते पुन्हा मदतकेंद्राशी भांडले. "मी सांगितलं ते घाला असं नव्हतं म्हटलं. होतं ते परत द्या!"

"शांतवनजी, आपण केलेल्या वर्णनाशी हा प्रसंग पूर्णपणे जुळतो."

"म्हणून तर तो खोटा आहे!"

"आपल्या भावना समजल्या."

त्यांनी पडदा बंद केला आणि डोळे मिटून खरी एव्हलिन आठवायला बसले, कापड बाजारातली. गुंडी उजव्या हाताने लावली होती की डाव्या? वरून दुसरी की तिसरी? आठवायला जावं, तर मिटल्या डोळ्यांपुढे तीच नवी, पाणावलेल्या डोळ्यांची बाई येऊन उभी राही. यंत्राने पडद्यावरची गुंडी नेली होती. डोक्यातली गुंडी भाऊंनी स्वतःच्या तोंडाने देऊन टाकली होती. त्या दिवशी ते जेवले नाहीत. सालोमीने दोनदा ताट वाढलं, दोनदा झाकून ठेवलं.

"एक माणूस आहे," ते शेवटी म्हणाले. "माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्याला आठवत असेल."

याकोबबुवा आले ते काठी आपटत, दारातूनच ओरडत. "काय रे शांत्या, मेलास की आहेस? चर्चचा वर्धापनदिन तोंडावर आला आणि तू सरावाला नाहीस!"

"आधी बस. हे बघ." भाऊंनी काही न सांगता आधी त्यांना ध्रुपदासारखा एकच प्रश्न विचारला. "धक्क्यावर एव्हलिन काय करत होती?"

"कोण एव्हलिन?"

"याकोबा!"

"हां, ती होय. उभी होती. डॅल्टन बोलत होता ना! काय बोलला होता गड्या—"

"गुंड्या लावत होती."

"कोण?"

भाऊंनी चित्रपट लावला. बुवा बघत राहिले. व्हायोलिनं सुरू झाल्यावर त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे. शेवटी त्यांना हसू आवरेना. "अरे, ही तर साबणाच्या जाहिरातीतली बाई झाली! माझ्या घरी ती सरळ उभी असते. परवाच बघितला मी."

"तुझ्याकडची गळलेली आहे. आणि ही..." भाऊ अडखळले. "ही मी सांगून करवली."

"तू सांगून करवली," बुवा सावकाश म्हणाले, "आणि मला म्हणतोस होती म्हणून."

"होती, याकोबा. देवाशप्पथ होती."

"त्याच्या नावाची शपथ गुंडीसाठी घालू नकोस. म्हातारपणी असं होतं रे. आपल्याला हवं असतं ते घडून गेल्यासारखं वाटतं. मलाही वाटतं कधी कधी, माझी आई मला मारायची नाही म्हणून. मारायची की! तू मागितलंस, यंत्राने दिलं. सिनेमात काही नव्हतं."

"म्हणजे मी खोटारडा."

"तसं नाही म्हटलं—"

"तू बघितलंच नाहीस!" भाऊंचा विहिरीतला आवाज वर आला. "तू डॅल्टनच्या टोपीकडे बघत होतास. तुला पुढे उभा असतो तेवढाच दिसतो. मागे कोण आहे ते जन्मात कधी वळून बघितलंस? कोण ध्रुपद उचलतं, कधी उचलतं, तुला पत्ता तरी असतो?"

सालोमी स्वयंपाकघरात चमचा हातात धरून उभी राहिली.

"हे गुंडीचं नाही तर," बुवा म्हणाले.

"गुंडीचंच आहे."

"मग ये पुढे. तू कर कीर्तन. बसतो मी मागे."

"मी पुढे येत नाही आणि मागेही बसत नाही. वर्धापनदिनाला दुसरा बघ."

"बघतो. हल्ली साथीलाही यंत्र मिळतं. ते रुसत तरी नाही." बुवांनी काठी उचलली आणि चहा न घेताच निघून गेले. नगरच्या माणसाने चहा न घेता जाणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पुढचे दिवस फार वाईट गेले. सालोमीने जगभर विचारणा केली. जुन्या चित्रपटांच्या वेड्यांना तिने गाठलं. लिस्बनच्या एका बाईंनी कळवलं, आठवतं ना, ती हातमोजा काढते. कॅनडातल्या कुणी म्हातारबाबांनी लिहिलं, ती त्याची सिगारेट पेटवते, मी शपथेवर सांगतो. प्रत्येकाच्या भिंतीवर त्याची त्याची एव्हलिन उगवली होती, आणि जो तो आपलीच खरी म्हणून भांडत होता. पूर्वी एका चित्रपटावर हजार माणसांचं प्रेम असे. आता हजार माणसांचे हजार चित्रपट, आणि त्यांवर बोलायला कुणी नाही.

"पप्पा, सोडा आता," सालोमी एकदा म्हणाली. "एक गुंडी ती काय!"

"मी सोडली की संपली," भाऊ म्हणाले. "बघितलेला मी एकटाच उरलोय. आणि आता माझाही माझ्यावर भरवसा नाही."

वर्धापनदिनाला न जाणं त्यांच्या भक्तीला जमणारं नव्हतं. ते गेले. पण पेटीकडे न जाता मंडळींत बसले, खाली सतरंजीवर, पुरुषांच्या रांगेत मधोमध. लोक वळून वळून बघत होते. पुढे चौथऱ्यावर बुवा, पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं. त्यांच्या मागे भाऊंच्या जागी एका स्टुलावर साथीचं यंत्र, डब्याएवढं, हिरवा दिवा लुकलुकणारं. बुवांचा आवाज ऐकून ते सूर धरी आणि बुवा थांबले की ध्रुपद उचली. सूर इतका स्वच्छ की भाऊंना दात आंबल्यासारखं झालं.

आख्यान उधळ्या पुत्राचं, बुवांचं ठेवणीतलं. ऐन तरुणपणी पहिलं कीर्तन केलं तेही याच आख्यानावर, आणि दर वर्धापनदिनाला मंडळी हेच मागत. बापाची दौलत उडवून, डुकरांच्या कोंड्यावर दिवस काढून मुलगा घरी येतो आणि म्हातारा बाप वाटेवर धावत सुटतो. इथे मंडळी रडतात हे भाऊंना पक्कं ठाऊक होतं. मागे बसून त्यांनी ते रडणं किती वेळा ऐकलं होतं. बुवांची पाठ दगडासारखी होई, भाऊ पेटीवर हात ठेवून गप्प बसत, आणि पुढे बायकांचे हुंदके सुरू होत. मग पाठ सैल झाली की ते ध्रुपद उचलत. पण त्या दगडासारख्या पाठीपलीकडे बुवा नेमकं काय करत, ते त्यांनी कधीच पाहिलेलं नव्हतं.

आज पहिल्यांदा समोरून बघत होते.

"बाप म्हणाला, उत्तम अंगरखा आणा!" बुवांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि समोरच्या रिकाम्या हवेत, न दिसणाऱ्या मुलाच्या खांद्यांवर घातलं. मग गप्प झाले. वाकले. त्यांचे थरथरते हात त्या न दिसणाऱ्या अंगरख्याचे बंद बांधू लागले. डोळे मुलाच्या तोंडावर. एक बंद बांधला, दुसरा बांधला, तिसरा भलत्याच बंदाशी बांधला गेला. ते बोटांना कळलं. डोळ्यांना कळलं नाही. बोटांनी गाठ सोडली—

आणि यंत्राने ध्रुपद उचललं. बुवा थांबले म्हणजे आपली पाळी, एवढंच त्याला ठाऊक. 'ये रे घरा बाळा, दिवा जागा आहे,' स्वच्छ, चकचकीत सुरात. बुवांचे हात हवेत तसेच राहिले, सुटलेला बंद चिमटीत धरून. त्यांचा चेहरा वाट चुकलेल्या माणसासारखा झाला.

"बंद करा ते!"

आवाज विहिरीतून आला. शांतवनभाऊ उभे राहिले होते. सालोमी बायकांच्या रांगेतून उठली, चौथऱ्यामागून गेली आणि तिने यंत्राचा हिरवा दिवा विझवला.

"बुवा," भाऊ म्हणाले, "पुन्हा बांधा."

याकोबबुवांनी त्यांच्याकडे बघितलं. मग नजर वळवून त्या न दिसणाऱ्या लेकराच्या तोंडाकडे. बोटांनी सुटलेला बंद घेतला, योग्य बंद शोधला, गाठ मारली आणि तळव्याने हळूच दाबली. उजव्या हाताच्या तळव्याने. भाऊ खाली बसले, मंडळींतच. थोडं थांबले. आज वाचायला पाठ नव्हती, चेहरा होता. आणि मग तिथूनच, सतरंजीवरून, त्यांनी ध्रुपद उचललं. मंडळींनी ते त्यांच्या तोंडून घेतलं आणि कौलांपर्यंत नेलं.

कीर्तनानंतर चर्चमागच्या चिंचेखाली दोघं बसले. हातांत चहा होता. कुणीतरी बुवांच्या गळ्यात घातलेला हार त्यांनी काढून मांडीवर ठेवला होता.

"तो बंद चुकवायचं कुठून आणलंस?" भाऊंनी विचारलं.

"कोणता बंद?"

"तिसरा. भलत्याशी बांधतोस आणि सोडतोस."

बुवा विचारात पडले. "शास्त्रात नाही ते. असंच. बापाचे हात कापत असतील, नजर हलत नसेल... येतं आपोआप. पहिल्या कीर्तनापासून येतं."

"पहिलं कीर्तन कधी केलंस?"

"वडिलांनी झोडपलं, त्याच्या पुढच्या महिन्यात. म्हणाले, शब्बाथशाळा बुडवून सिनेमा बघतोस, आता उभा राहा मंडळींपुढे—"

बुवांचा कप ओठांशी थांबला. चिंचेवर एक कावळा ओरडून गेला.

"पण मी तर डॅल्टनकडे बघत होतो रे," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"डोळे डॅल्टनकडे होते. हातांनी तिचं बघितलं."

बुवा आपले हात उलटेसुलटे करून बघत राहिले, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे. "मी तुला म्हातारचळ लागला म्हणालो."

"तसं नव्हतास म्हणाला. मनात म्हणालास."

"ते तू पाठीवरून ओळखलंस?"

"तोंडावरून. आज कळलं, तोंडसुद्धा वाचता येतं तुझं. फार काही नसतं त्यावर."

बुवा हसले आणि हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मग मांडीवरचा हार उचलून, काही न बोलता, भाऊंच्या गळ्यात घातला. भाऊंनी तो काढला नाही.

घरी गेल्यावर पडद्यावर निरोप होता: 'शांतवनजी, आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाली आहे. आम्हाला किती तारे द्याल?' भाऊंनी अशी काही शिवी दिली की सालोमीने कानांवर हात ठेवले. राग काही गेला नाही. जायचं कारणही नव्हतं. चित्रपट परत आला नाही, तो आता येणारही नाही. लिस्बनला ती हातमोजा काढते, कॅनडात सिगारेट पेटवते, आणि बाकी जगात हात खाली सोडून उभी असते. एक जिवंत बाई एका खऱ्या दिवशी चुकली होती आणि तिने ती चूक तिथल्या तिथे सावरली होती, त्याची आता एकच नक्कल उरली: नगरातल्या एका म्हाताऱ्या कीर्तनकाराच्या बोटांत. भाऊ त्यानंतर पेटी घेऊन मागेच बसत, पण बंद बांधायची वेळ आली की पेटी सोडून चौथऱ्याच्या कडेला सरकत आणि मान वाकडी करून ते हात बघत. मंडळींना वाटे, म्हाताऱ्याला कंबरदुखी आहे.

झाली गोष्ट. आता उठायच्या आधी एक मागणं आहे. उद्या तुमच्या घरच्या भिंतीवर ती धक्क्यावर दिसली, हात खाली सोडून, तर तिला नावं ठेवू नका. तिचे हात आपण सगळ्यांनी मिळून गमावले आहेत. आणि कधी शाळेला निघालेल्या लेकराला, परगावी निघालेल्या माणसाला कपडे चढवताना तुमची गुंडी भलत्या काजात गेली, तर ती काढून पुन्हा लावेपर्यंत, तेवढ्यापुरतं, एक नाव मनात घ्या.

एव्हलिन हार्क.